पन्हाळा: सीमेवरचा गड आणि नांदते गाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पन्हाळ्याविषयी कोल्हापुरातून आणि बाहेरगावांहून पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. त्यांतील बरेचसे प्रश्न १६६० च्या एका पावसाळी रात्रीविषयी, म्हणजे शिवाजी महाराज वेढ्यातून निसटले त्या रात्रीविषयी असतात, आणि ते स्वाभाविक आहे. मात्र ती रात्र उजाडली तेव्हा या गडाला साडेचारशेहून अधिक वर्षे झाली होती, आणि तिच्यानंतर पन्नास वर्षांनी तो एका राज्याची राजधानी झाला. पन्हाळा एका रात्रीपुरता लक्षात ठेवला जाऊ नये, या कळकळीने ही उत्तरे लिहिली आहेत. एकाच गोष्टीची पुनरावृत्ती टाळण्यासाठी, जेथे आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पन्हाळा नेमका काय आहे, किल्ला की गाव?

दोन्ही. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर, पायथ्याच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर हा गड आहे. त्याची तटबंदी सात किलोमीटरपेक्षा अधिक लांब असून दख्खनमधील मोठ्या गिरिदुर्गांत त्याची गणना होते. याच तटाच्या आत पन्हाळा शहर वसलेले आहे. हे तालुक्याचे ठिकाण असून येथे नगरपरिषद, शाळा, सरकारी कचेऱ्या, बाजार, देवळे, दर्गे आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे तीन हजार होती. रायगड किंवा राजगड पाहून येणाऱ्यांना तटाच्या आत दुकाने आणि मोटारी पाहून आश्चर्य वाटते. तथापि पन्हाळा कधीच पूर्णपणे ओस पडला नाही, हेच त्याचे वेगळेपण आहे. त्याच्या आजच्या अडचणीही याच वस्तुस्थितीतून निर्माण झाल्या आहेत (पाहा प्रश्न १४ आणि १५).

२. पन्हाळ्याला सीमेवरचा गड का म्हणतात? तिथे तर कोणतीच सीमा दिसत नाही.

आजच्या नकाशावर ती दिसत नाही, हे खरे आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमा कोल्हापूरच्या दक्षिणेला आणि पूर्वेला आहे, आणि आपण ज्याला सीमाभाग म्हणतो त्यात पन्हाळा येत नाही. जुन्या राज्यांच्या सीमा मात्र या डोंगराच्या आसपासच बदलत राहिल्या.

याचे कारण भूगोलात आहे. सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून पूर्वेकडे निघालेल्या एका रांगेवर पन्हाळा आहे. रांगेच्या उत्तरेला वारणेचे खोरे आणि दक्षिणेला कासारी व पंचगंगेचे खोरे आहे. आंबा, अणुस्कुरा यांसारख्या घाटांनी कोकणातून चढून आलेला माल आणि सैन्य या रांगेच्या कडेनेच कोल्हापूरच्या सपाटीवर उतरत असे. त्यामुळे देशावर राज्य करणाऱ्याला कोकणाची वाट रोखण्यासाठी पन्हाळा हवा होता, आणि डोंगरात राज्य करणाऱ्याला देशावर पाय रोवण्यासाठी तोच हवा होता.

शिलाहारांच्या काळी येथे उत्तरेकडून यादवांचा दाब होता. बहमनी काळात कोकणातील आणि घाटमाथ्यावरील सरदारांविरुद्धच्या मोहिमांसाठी हे ठाणे उपयोगी पडले. १४६९ च्या पावसाळ्यात बहमनी वजीर महमूद गावान याची छावणी येथे होती. पुढे आदिलशाही आणि स्वराज्य यांच्यामधील रेघ येथूनच गेली. अखेरीस वारणा नदी ही सातारा आणि करवीर (कोल्हापूर) या दोन मराठी राज्यांची सीमा ठरली, आणि ती पन्हाळ्यापासून फार दूर नाही (पाहा प्रश्न ११). आजही कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची हद्द बरेच अंतर वारणेनेच आखलेली आहे.

३. पन्हाळा शिवाजी महाराजांनी बांधला का?

नाही. गडाची उभारणी कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील दुसरा भोज याच्या काळात, साधारण ११७८ ते १२०९ या दरम्यान झाली असे मानले जाते. साताऱ्यात सापडलेल्या ताम्रपटावरून ११९१-९२ च्या सुमारास त्याचा दरबार पन्हाळ्यावर भरत असल्याचे दिसते. यादव राजा सिंघण याने त्याचा पराभव केला आणि कोल्हापूरचे शिलाहार राज्य संपले. पुढे गड बहमनींकडे आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला.

हे सांगितल्याने महाराजांच्या कर्तृत्वाला उणेपणा येत नाही. पराक्रम गड बांधण्यात असतो तसाच तो जिंकण्यात आणि राखण्यातही असतो. शेजारच्या पावनगडाची उभारणी मात्र महाराजांच्या काळची आहे (पाहा प्रश्न १३).

४. आज दिसणाऱ्या वास्तू कोणाच्या काळातल्या आहेत? तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जा कोठी?

आजच्या पाहुण्याला दिसणारा पन्हाळा बराचसा आदिलशाही काळात घडलेला आहे, आणि हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पश्चिमेकडील तीन दरवाजा हा त्याचा उत्तम नमुना आहे. एकामागोमाग एक येणारी दारे, मधला बंदिस्त चौक, कमानीवरील नाजूक कोरीवकाम आणि फारसी शिलालेख ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतील (१५३४–१५५७) अनेक शिलालेख गडावर आहेत.

तीन दरवाजाजवळची अंधारबाव, जिला शृंगारबाव असेही म्हणतात, ही तीन मजली वास्तू आहे. तळाशी विहीर आहे, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघण्याची वाट आहे, आणि वरच्या मजल्यावर पहारेकऱ्यांची जागा आहे. गडाच्या पाण्यात शत्रूने विष कालवू नये आणि वेळ आलीच तर बाहेर पडता यावे, असा दुहेरी विचार या एका इमारतीत दिसतो. बारकाईने पाहण्यासारखी गडावर एकच जागा सुचवा असे कोणी म्हटले, तर आम्ही हीच सुचवू. बहुतेक लोक आत डोकावून दोन मिनिटांत परत फिरतात, याचे वाईट वाटते.

पूर्वेच्या कड्यावरील सज्जा कोठीतून जोतिबाच्या बाजूची दरी दिसते. तिच्याशी जोडलेल्या संभाजी महाराजांच्या प्रसंगाविषयी प्रश्न ९ पाहावा.

५. अंबरखान्याच्या कोठ्या एवढ्या मोठ्या का आहेत?

कारण वेढ्यात गड प्रथम उपासमारीने पडतो. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी या तीन कोठ्यांची नावे आहेत. त्यांतील गंगा कोठी सर्वांत मोठी असून तिची उंची १० मीटरपेक्षा अधिक आहे आणि तिच्यात सुमारे २५,००० खंडी (खंडी हे धान्याचे जुने माप) धान्य मावत असे असे सांगितले जाते. बाहेरील जिन्याने छतावर जायचे, छतातील भोकांमधून धान्य आत ओतायचे आणि खालून काढायचे, अशी योजना होती. साठवणीत प्रामुख्याने भात, नाचणी आणि वरी असे, म्हणजे याच डोंगराळ मुलखातले धान्य असे. १६६० च्या वेढ्यात गड महिनोन्‌महिने टिकला, त्याचे श्रेय तलवारींइतकेच या कोठ्यांनाही द्यावे लागते.

६. सिद्दी जौहरचा वेढा किती दिवस होता आणि त्यात नेमके काय घडले?

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला आणि अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आला. एवढ्या वेगाने आदिलशाहीच्या सरहद्दीचे मुख्य ठाणे गेल्यामुळे विजापूर हादरले. डिसेंबरच्या अखेरीस कोल्हापूरजवळ रुस्तुमेजमान आणि फाजलखान या आदिलशाही सरदारांचा पराभव झाल्यावर सिद्दी जौहर याला सलाबतखान हा किताब देऊन मोठ्या फौजेनिशी पाठवण्यात आले. मार्च १६६० मध्ये वेढा पडला आणि महाराज गडावर अडकले. पावसाळा सुरू झाल्यावर वेढा सैल होईल ही अपेक्षा फोल ठरली, कारण सिद्दीने छावणीला पावसापासून आडोसा करून पहारे कायम ठेवले. महाराजांचे सेनापती नेतोजी पालकर यांचा बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्नही यशस्वी झाला नाही.

याच वेढ्यात राजापूरच्या वखारीतील इंग्रज अधिकारी हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला आला आणि त्याने इंग्रजी निशाण लावून गडावर मारा केला. व्यापारी म्हणवणाऱ्यांनी केलेला हा पक्षपात महाराज विसरले नाहीत. पुढच्याच वर्षी राजापूरच्या वखारीला त्याची किंमत मोजावी लागली.

आषाढ पौर्णिमेच्या रात्री, १२ जुलै १६६० रोजी, महाराज निवडक सैन्यानिशी गडाबाहेर पडले. शरणागतीची बोलणी चालू असल्याने वेढ्यातील सावधपणा कमी झाला होता. बांदल देशमुखांच्या पथकातले सुमारे ६०० मावळे सोबत होते. पाठलाग जवळ आल्यावर घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे निम्मे लोक घेऊन उभे राहिले आणि महाराज पुढे निघाले. विशाळगडाच्या पायथ्याशीही आदिलशाहीच्या बाजूच्या सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांच्या फौजा होत्या. त्या फोडून महाराज गडावर पोहोचले आणि तोफांचे आवाज झाले. बाजीप्रभू, त्यांचे बंधू फुलाजी आणि शेकडो बांदल त्या खिंडीत पडले. तेव्हापासून ती पावनखिंड झाली.

७. शिवा काशीद कोण होते? त्यांची समाधी कुठे आहे?

शिवा काशीद हे पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचे होते आणि नाभिक समाजातले होते. त्यांची चेहरेपट्टी महाराजांसारखी होती. त्या रात्री महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसून ते मुद्दाम शत्रूच्या हाती लागले आणि त्यामुळे महाराजांना पुढे जाण्यास मोलाचा वेळ मिळाला. आपण पकडले जाणार आणि ओळख पटताच मारले जाणार, हे पालखीत बसतानाच त्यांना ठाऊक होते. त्यांची समाधी गडाच्या पायथ्याशी आहे. वरच्या वाहनतळाकडे जाण्याच्या घाईत बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत. कृपया थांबावे.

८. मग १६६० नंतर पन्हाळा स्वराज्यातच राहिला ना?

नाही, आणि येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. महाराज निसटले तरी वेढा उठला नव्हता. सप्टेंबर १६६० मध्ये तहाने गड आदिलशाहीला द्यावा लागला. जानेवारी १६६६ मध्ये महाराजांनी त्यावर हल्ला केला, पण तो फसला आणि बरेच लोक पडले. ठरलेल्या वेळी नेतोजी पालकर पोहोचले नाहीत आणि येथूनच दोघांमध्ये अंतर पडले.

अखेर ६ मार्च १६७३ च्या रात्री कोंडाजी फर्जंद यांनी अवघे ६० निवडक लोक घेऊन कडा चढला, आत शिरून कर्णे वाजवले आणि गाफील किल्ल्यावर झडप घातली. किल्लेदार कापला गेला आणि गड ताब्यात आला. जयराम पिंड्ये या समकालीन कवीने याच विजयावर ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले. एका गडाच्या विजयावर त्याच काळात स्वतंत्र काव्य रचले जावे, यावरून तेरा वर्षांची ती सल किती खोल होती हे कळते. ६० माणसांच्या या रात्रीला १६६० च्या रात्रीइतकीच जागा आपल्या मनात मिळाली पाहिजे, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

९. संभाजी महाराजांना पन्हाळ्यावर कैदेत ठेवले होते का?

येथे कैद हा शब्द जपून वापरावा लागतो. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले आणि साधारण वर्षभराने, डिसेंबर १६७९ मध्ये, परत फिरून पन्हाळ्यावर आले. जानेवारी १६८० मध्ये शिवाजी महाराज तेथे येऊन त्यांना भेटले. पितापुत्रांची ही अखेरची भेट ठरली. ती सज्जा कोठीत झाली असे परंपरेने सांगितले जाते. त्यानंतर संभाजीराजे पन्हाळ्यावरच, निगराणीखाली राहिले. त्यांच्या वावरावर मर्यादा होती, परंतु बेड्या घातलेल्या कैद्याचे जे चित्र डोळ्यांसमोर येते, ते येथे लागू पडत नाही.

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले. वार्ता कळताच संभाजीराजांनी पन्हाळ्याचा ताबा घेतला. त्यांना अटक करण्यासाठी निघालेल्या प्रधानांनाच सेनापती हंबीरराव मोहिते यांनी पकडून पन्हाळ्यावर आणले. म्हणजे छत्रपती म्हणून त्यांच्या कारभाराची सुरुवात रायगडावर नव्हे, तर येथे झाली.

१०. औरंगजेब स्वतः पन्हाळ्यावर आला होता हे खरे आहे का?

खरे आहे. त्याआधीचा क्रम मात्र लक्षात घ्यावा. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज रायगडातून निसटून पन्हाळ्यावर आले आणि सप्टेंबरमध्ये येथूनच तामिळनाडूतील जिंजीकडे रवाना झाले. त्यानंतर गड मोगलांनी घेतला. १६९२ मध्ये मराठा सरदार परशुराम त्र्यंबक यांनी तो परत मिळवला. औरंगजेबाने १७०१ मध्ये स्वतः वेढ्याची देखरेख केली आणि मे महिन्यात गड त्याच्या हाती पडला. पुढे ताराबाईंच्या कारकिर्दीत तो पुन्हा मराठ्यांनी घेतला.

१७०१ च्या या छावणीत इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस एप्रिलच्या अखेरीस बादशहाच्या भेटीला आला होता. व्यापाराच्या सवलतींचे फर्मान मिळवण्यासाठी तो आला होता आणि अखेर रिकाम्या हाताने परत गेला. दिल्लीचा बादशहा आणि लंडनचा वकील यांची गाठ कोल्हापूरजवळच्या एका डोंगराखाली पडली, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जायला हवी.

११. पन्हाळा कधी राजधानी होता? आणि गडावरील संभाजी मंदिर कोणत्या संभाजींचे?

या एका प्रश्नात नावांचा गोंधळ सर्वांत अधिक होतो, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीवरून त्यांचा महाराणी ताराबाईंशी संघर्ष सुरू झाला. १७०८ मध्ये शाहूंनी पन्हाळा घेतला, पण ताराबाईंनी तो लवकरच परत मिळवला आणि १७१० च्या सुमारास येथे करवीर राज्याची राजधानी स्थिरावली. ती १७८२ पर्यंत येथे राहिली. त्यानंतर ती कोल्हापूर शहरात नेण्यात आली. औरंगजेबाशी झुंजलेल्या ताराबाईंनी उभारलेल्या राज्याचे हे मूळ स्थान आहे. त्यांचा वाडा अद्याप उभा आहे.

१७१४ मध्ये वाड्यात सत्तांतर झाले. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर आले आणि ताराबाई व त्यांचे पुत्र शिवाजी यांना गडावर नजरकैदेत ठेवण्यात आले. गडावरील संभाजी मंदिर हे या करवीरकर संभाजींचे स्मारक आहे. ते राजाराम महाराजांचे पुत्र, म्हणजे धर्मवीर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्रपती संभाजी महाराजांचे पुतणे. याच संभाजींनी १३ एप्रिल १७३१ रोजी सातारच्या शाहू महाराजांशी वारणेचा तह केला आणि दोन्ही राज्यांची सीमा निश्चित झाली.

तसेच येथे उल्लेख होणाऱ्या जिजाबाई म्हणजे शिवाजी महाराजांच्या मातोश्री नव्हेत. त्या या करवीरकर संभाजींच्या राणी. पतीच्या पश्चात त्यांनी दत्तक पुत्राच्या नावाने १७७३ पर्यंत करवीरचा कारभार खंबीरपणे केला. आणि कोल्हापूरकरांच्या मनातले राजर्षी शाहू हे आणखी निराळे. त्यांचा काळ यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी येतो. फलक वाचताना किंवा मुलांना सांगताना एवढे भेद कटाक्षाने पाळावेत.

१२. लढायांव्यतिरिक्त पन्हाळ्याचे काही योगदान आहे का?

आहे, आणि ते मोठे आहे. कवी मोरोपंत यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्यावर झाला आणि त्यांचे सुरुवातीचे शिक्षणही येथेच झाले. नंतर ते बारामतीला गेले, म्हणून लोक त्यांना बारामतीचे समजतात. आर्या या वृत्तावर त्यांच्याइतके प्रभुत्व मराठीत दुसऱ्या कोणाचे झाले नाही.

दुसरे नाव रामचंद्रपंत अमात्यांचे. शिवाजी महाराजांपासून करवीरकर संभाजींपर्यंत त्यांनी राज्याची सेवा केली आणि राजाराम महाराज जिंजीला असताना महाराष्ट्राचा भार वाहिला. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथात दुर्गांचे प्रकरण आहे. ‘संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग’ हे त्यातले वाक्य अनेकांना पाठ असते. गड कसा बांधावा, पाणी कसे राखावे, झाडे कोणती लावावीत, रखवालदार कसे नेमावेत, याचा त्यातील तपशील ज्याने आयुष्य गडांवर काढले त्यालाच लिहिता येईल. त्यांची समाधी पन्हाळ्यावर आहे.

१३. पावनगड म्हणजे पन्हाळ्याचाच भाग का?

तो वेगळा गड आहे. पन्हाळ्याच्या पूर्वेला अगदी लागून असलेल्या डोंगरावर शत्रूने तोफा चढवल्या तर पन्हाळा थेट माऱ्यात येतो. १६६० च्या वेढ्यात याच जागेचा धोका प्रकर्षाने जाणवला होता. म्हणून १६७३ मध्ये पन्हाळा परत मिळाल्यानंतर महाराजांनी तो डोंगरही तटबंदीने बांधून घेतला. दोन गडांच्या मधल्या खिंडीत उभे राहिले की हा विचार डोळ्यांना दिसतो. पुढील काळात दोन्ही गडांचे नशीब बहुधा एकत्रच ठरत गेले. १८२७ मध्ये दोन्ही इंग्रजांच्या हवाली करावे लागले आणि १८४४ च्या उठावातही दोन्ही सामील होते.

१८४४ चा हा उठाव गडकऱ्यांचा, म्हणजे गडांची पिढीजात राखण करणाऱ्यांचा होता. कोल्हापूरच्या राज्यकारभारात इंग्रजांनी नेमलेल्या कारभाऱ्याने गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनी आणि हक्क यांना हात घातला, आणि सामानगडापासून भुदरगड, पन्हाळ्यापर्यंत भडका उडाला. साताऱ्याचा रेसिडेंट (दरबारातील इंग्रज प्रतिनिधी) कर्नल ओव्हान्स याला पकडून पन्हाळ्यावर ठेवण्यात आले होते. १ डिसेंबर १८४४ रोजी तोफांनी तट फोडून इंग्रज आत शिरले. गडाचा मुख्य चार दरवाजा याच सुमारास पाडला गेला. आज गाड्या वर येतात तेथे तो होता. ‘चार दरवाजा कुठे सापडत नाही’ असे विचारणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देता येत नाही. १८५७ च्या तेरा वर्षे आधीचा हा उठाव कोल्हापुरातही फारसा कोणी आठवत नाही, याची आम्हाला खंत आहे.

१४. पन्हाळा जागतिक वारसा झाला म्हणजे काय झाले? आता गावकऱ्यांना उठवणार का?

जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथे झालेल्या ४७ व्या अधिवेशनात युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांची एकत्रित नोंद केली. त्यांत साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी आहे. राजाराम महाराजांनी १६८९ मध्ये ज्या दोन गडांना वाटचालीने जोडले, ते पन्हाळा आणि जिंजी आज एकाच यादीत आहेत.

गावकऱ्यांची चिंता मात्र खरी होती आणि तिला कमी लेखू नये. जेथे घर, दुकान, शाळा आणि स्मशानही तटाच्या आत आहे, तेथे ‘वारसा’ हा शब्द ऐकून विस्थापनाची भीती वाटणे साहजिक आहे. जागतिक यादीतील नोंदीमुळे कोणाचीही मालकी बदलत नाही आणि युनेस्को कोणाला घर सोडायला सांगत नाही. बांधकामावरील निर्बंध हे देशाच्या कायद्यातून येतात, आणि ते या नोंदीच्या आधीपासून लागू आहेत (पाहा प्रश्न १५). आमच्या मते नांदते गाव हा या गडाच्या वारशाचाच भाग आहे, आणि गाव नको पण गड हवा असे म्हणणाऱ्याला पन्हाळा समजलेला नाही.

१५. मग गडावरच्या घराची दुरुस्ती करता येते का?

पन्हाळा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित मानले जाते. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. पूर्वीपासून असलेल्या घराच्या दुरुस्तीला मात्र परवानगी मिळू शकते, आणि त्यासाठी सक्षम अधिकाऱ्यामार्फत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. नियंत्रित क्षेत्रात परवानगीने बांधकामही होऊ शकते. आपली जागा नेमकी कोणत्या क्षेत्रात येते हे मोजणीनेच ठरते, शेजाऱ्याच्या अनुभवावरून नव्हे. परवानगी हातात येण्यापूर्वी पाया खणू नये.

१६. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट आज चालता येते का?

येते. दरवर्षी जुलैच्या सुमारास अनेक गट ती चालतात आणि बहुधा दोन दिवसांत पुरी करतात. गडाच्या पश्चिमेकडील पुसाटी बुरुजाच्या बाजूने उतरून म्हसाई पठार, खोतवाडी, करपेवाडी, पांढरपाणी अशा गावांवरून वाट जाते. पठारावर धुके दाट असते, ओढे अचानक फुगतात आणि शेताच्या बांधावरून चालावे लागते. वाटाड्या सोबत असावा, वाटेतल्या वाड्यांवर जेवण आधी सांगून ठेवावे आणि रोपांच्या खाचरात पाय घालू नये. ध्वनिक्षेपक घेऊन ही वाट चालणे आम्हाला अजिबात योग्य वाटत नाही.

१७. एकाच दिवसासाठी येणार आहोत. काय पाहावे?

कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याने निघून वाघबीळ येथे पन्हाळ्याकडे वळावे. सकाळी लवकर पोहोचल्यास तीन दरवाजा आणि अंधारबाव गर्दीआधी पाहून होतात. त्यानंतर अंबरखाना, सोमेश्वर तलाव, ताराबाईंचा वाडा, सज्जा कोठी आणि संभाजी मंदिर हा क्रम सोयीचा आहे. जेवणाला झुणका, भाकरी, खर्डा आणि दही मिळते. अतिवृष्टीच्या दिवसांत रस्त्याची चौकशी करूनच निघावे, कारण जुलै २०२१ च्या पावसात गडावर येणारा मुख्य रस्ता खचला होता.

१८. आमच्या घरी पन्हाळ्याशी संबंधित जुने मोडी कागद आहेत. त्यांचे काय करावे?

सर्वप्रथम, ते टाकून देऊ नयेत आणि कोणाला मूळ प्रत सहज हाती देऊ नये. कागदांना चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये बंद करून गरम यंत्रातून काढू नये, उन्हात वाळत घालू नये. सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवावेत आणि दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, प्रत्येक पानाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. शिक्के, तारखा आणि समासातील बारीक अक्षरे वेगळी टिपावीत. वाचून घेण्यासाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार किंवा शिवाजी विद्यापीठाचा इतिहास विभाग येथे चौकशी करावी.

गडकऱ्यांच्या वंशजांकडील वतनाचे कागद याबाबतीत विशेष मोलाचे आहेत, कारण १८४४ च्या उठावाविषयी (पाहा प्रश्न १३) इंग्रजांच्या बाजूचे लिखाण पुष्कळ उपलब्ध आहे आणि गडकऱ्यांच्या स्वतःच्या बाजूचे त्या मानाने फारच थोडे. कागद फाटका असला, अर्धा असला किंवा केवळ धान्याचा हिशेब असला तरी तो उपयोगाचा असतो. कोणत्या वर्षी कोठीत किती नाचणी आली, हेही आजवर फार थोड्या कागदांवरून सांगता येते.